सालममिश्रीचं बेणं

मॉलमधला टर्किश आइस्क्रीमवाला एव्हाना सगळ्यांना ठाऊक झाला आहे. लाल जाकीट, गोंड्याची टोपी, हातात लांब सळई. पोरगं कोन घ्यायला हात पुढे करतं, कोन उलटा होतो, आइस्क्रीम वरच सळईला लटकून राहतं. पोरगं रिकाम्या कोनाकडे बघत बसतं आणि भोवतीचे लोक मोबाइल काढतात. या सगळ्या गमतीत एक साधा प्रश्न राहूनच जातो. आइस्क्रीम उलटं धरलं तरी पडत कसं नाही?

तुर्कस्तानात काहरामानमाराश नावाचं शहर आहे. तिथलं आइस्क्रीम सुरीनं कापून काट्यानं खातात, इतकं ते चिवट असतं. दूध, साखर आणि सालेप नावाची पूड एवढंच त्यात लागतं. चिवटपणा येतो तो सालेपमुळे. या पुडीत ग्लुकोमॅनन नावाचं द्रव्य असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि दुधाला तार आणतं. हिवाळ्यात तीच पूड गरम दुधात घोटून, वरून दालचिनी भुरभुरून पितात. त्या पेयाचं नावही सालेपच. कॉफी स्वस्त होण्याआधी लंडनच्या रस्त्यांवर हमाल-मजूर असलंच काहीतरी ‘सलूप’ म्हणून पीत असत. ही पूड म्हणजे रानात उगवणाऱ्या ऑर्किडच्या कंदांचं पीठ. आपल्याकडच्या मॉलमध्ये ते असेलच असं नाही. गवारगमसारख्या स्वस्त पिठांवरही बरंच काम भागतं.

सालेप हा शब्द परका वाटतो, पण आपल्या घरात तो पूर्वीपासून आहे. बाळंतिणीच्या किंवा थंडीतल्या लाडवांची जुनी यादी काढून बघा. डिंक, खारीक, गोखरू, सफेद मुसळी आणि सालममिश्री. आता मिश्री म्हटलं की एकाला खडीसाखर आठवते, दुसऱ्याला आजीची दात घासायची डबी. इथे दोन्हींचा संबंध नाही. मिस्र म्हणजे इजिप्त, आणि मिस्री म्हणजे तिकडची. सालम म्हणजे अरबी ‘सालब’, कोल्हा. अरबीत या कंदाचं पूर्ण नाव ‘कोल्ह्याचे वृषण’ असं होतं. ते तुर्कीत सालेप झालं, इंग्रजीत सलूप झालं आणि आपल्याकडे येईपर्यंत इतकं सोवळं झालं की बाळंतिणीच्या लाडवात जाऊन बसलं.

ग्रीकांनीही तेच पाहिलं होतं. ऑर्किस या ग्रीक शब्दाचा अर्थ वृषण. जमिनीत उगवणाऱ्या अनेक ऑर्किडना शेजारी शेजारी दोन अंडाकृती कंद असतात, त्यावरून हे नाव. जे अवयवासारखं दिसतं ते त्या अवयवाला उपयोगी, हा तर्क जगभर चालला. थिओफ्रास्टसनं तर दोन कंदांचे परस्परविरुद्ध गुण नोंदवून ठेवलेत, एक उत्तेजक आणि दुसरा नेमका उलटा. औषध म्हणून यात तथ्य किती, हा या प्रकरणाचा विषय नाही. पण दोन कंद वेगळे आहेत हे त्या जुन्या लोकांनी बरोबर हेरलं होतं. पुढचा सगळा हिशोब या दोन कंदांचाच आहे.

वनस्पती फुलावर असताना जमिनीखाली काय दिसतं? एक कंद सुरकुतलेला, तपकिरी, बोटानं दाबला तर मऊ लागणारा. हा गेल्या वर्षीचा. यंदाची पानं, दांडा, फुलं त्यानं स्वतःला रिकामं करून उभी केलेली असतात. दुसरा पांढरट, टणक, रसरशीत. हा यंदाचा. पानांनी उन्हात जे कमावलं ते इथे साठलेलं असतं आणि पुढच्या वर्षीचा कोंबही याच्याच टोकाला असतो. पावसाळा सरला की वरचं सगळं वाळून जातं, जुना कंद कुजतो, आणि वनस्पती म्हणून मागे उरतो तो हा एकच नवा कंद. आपल्या कासच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात दात घासायच्या ब्रशसारखा पांढरा तुरा काढणारी हबेनारिया आहे. तीही कंदाच्याच जोरावर दर पावसाळ्यात वर येते.

सालेप खणणारा यातला कुठला कंद घेतो? अर्थात टणक असलेला. सुरकुतलेल्याला बाजारात भाव नाही. काही जण जुना कंद झाडासकट परत मातीत दाबून येतात आणि त्यांना मनापासून वाटतं की आपण झाड राखलं. शेतकऱ्याला हे एका वाक्यात समजेल. हळदीचं पीक काढताना पुढच्या लावणीसाठी बेणं बाजूला ठेवतात; इथे बेणं तेवढं काढून विकायचं आणि चोयट्या परत पुरायच्या, असा हा प्रकार आहे.

बरं, कंद गेला तर गेला, बिया तर पडतील? तिथेही गाठ आहे. फुलं नसताना हे झाड गवतात सापडत नाही. पानं दोन-चार, जमिनीलगत. फूल हाच त्याचा पत्ता, मधमाशीलाही आणि खणणाऱ्यालाही. त्यामुळे खोदकाम नेमकं फुलोऱ्यात होतं, बी धरायच्या आधी. बी पक्व होऊन सांडल्यावर खणावं हा सल्ला कागदावर उत्तम आहे, पण तोवर झाड वाळून गेलेलं असतं आणि शोधणाऱ्याला उघड्या माळापलीकडे काही दिसत नाही.

त्यातून ऑर्किडला बी धरणं मुळातच अवघड. या कुळातल्या जवळपास एक तृतीयांश प्रजाती कीटकाला मध देत नाहीत, नुसतं फसवतात. ज्यांच्या कंदांचं सालेप होतं त्यांत ऑफ्रिस आहे. तिचं फूल मादी माशीसारखं दिसतं, वासही तसाच. नर भुलून येतो, परागांचं गाठोडं डोक्याला चिकटवून घेतो आणि रिकाम्या हातानं जातो. एकदा फसलेला कीटक दुसऱ्यांदा येताना विचार करतो, म्हणून बऱ्याच फुलांना फळ धरतच नाही. ज्या थोड्यांना धरतं त्यांच्यात मात्र हजारोंनी बिया असतात, धुळीसारख्या. इतक्या बारीक, कारण बीजाला निसर्गानं शिदोरीच बांधून दिलेली नाही. मातीत नेमकी बुरशी भेटली आणि तिनं पोसलं तरच ते रुजतं. हे कोडं नोएल बर्नार या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं 1899 साली सोडवलं. फोंतेनब्लोच्या जंगलात पालापाचोळ्याखाली त्याला ऑर्किडची रुजती बी सापडली आणि प्रत्येक रोपात बुरशी दिसली. बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमात बी रुजवता येतं हे अमेरिकेतल्या लुइस नडसननं 1922 साली दाखवलं आणि शोभेच्या ऑर्किडचा जगभरचा धंदा त्यावर उभा राहिला. पण माळरानावर साखर घालायला कोण जाणार? तिथे रुजलेल्या बीला फुलावर यायला कित्येक वर्षं लागतात.

आता वजनाकडे येऊ. खणलेले कंद धुतात, पाण्यात किंवा दुधात उकळतात म्हणजे कोंब मरतो, मग दोऱ्यात ओवून उन्हात वाळवतात. वाळले की ते दगडासारखे कडक आणि अर्धपारदर्शक होतात. असे 1,000 ते 4,000 कंद तोलावेत तेव्हा एक किलो भरतो. कंद एक, झाड एक. म्हणजे किलोभर सालेप हा एक अख्खा माळ झाला.

तुर्कस्तानातून रानटी ऑर्किडचे कंद परदेशी पाठवायला बंदी आहे. पण देशातल्या देशात आइस्क्रीम आणि सालेप खपतच राहतं, आणि ही मागणी भागवणारा खेडूत काही चैनीसाठी डोंगरात जात नाही. मेंढ्या चारता चारता खिशात चार कंद पडले तर घरात मीठ-तेल येतं. तिथले कंद विरळ झाले तसे व्यापाऱ्यांचे पाय शेजारच्या इराणकडे वळले आणि उत्तर इराणमधून दरवर्षी लाखो कंद निघू लागले. इराणी सालेपचा धंदा मुळात नवा नाही. विल्यम डिमॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1890 ते 1893 दरम्यान ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ प्रसिद्ध केली, त्या काळात इराणकडचा सालम मुंबईच्या बाजारात उतरत होता. आपल्या आजीच्या लाडवातली पूड कदाचित झाग्रोसच्या उतारावरची असेल.

या व्यापाराची चाल सगळ्यात स्पष्ट दिसते ती आफ्रिकेत. झांबियात चिकांडा नावाचा पदार्थ करतात. डिसा, सॅटिरियम, हबेनारिया या ऑर्किडचे कंद सोलून, वाळवून, कुटून पीठ करायचं, त्यात शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ, सोडा घालून रटरटवायचं आणि थापून थंड झालं की वड्या पाडायच्या. आपली पाटवडीच म्हणा, फक्त बेसनाऐवजी ऑर्किड. चिकांडा पूर्वी खेड्यातलं, बायकांनी आपल्यापुरतं करून खायचं खाणं होतं. शहरं वाढली, खेड्यातून आलेल्यांना घरची चव हवी झाली, मग ते रस्त्यावर आलं, तिथून सुपरमार्केटात आणि हॉटेलात. झांबियातले कंद पुरेनात. व्यापारी सीमा ओलांडून टांझानियाच्या दक्षिणेकडच्या उंच पठारांवर पोचले. तिथे कितुलोचं पठार आहे, ज्याला स्थानिक लोक ‘बुस्तानी या मुंगु’, देवाची बाग म्हणतात. पावसाळ्यात ते इतकं फुलतं की तिथली जमीन दिसत नाही.

टिम डेव्हनपोर्ट आणि हेन्री न्दांगालासी या दोघांनी या व्यापाराचा माग काढला. 2003 साली त्यांनी प्रसिद्ध केलेला अंदाज असा की टांझानियाच्या त्या भागातून वर्षाला 22 ते 41 लाख कंद झांबियाकडे जातात आणि त्यामुळे 85 पर्यंत प्रजाती धोक्यात येऊ शकतात. खणणारे बहुतेक गरीब, त्यांच्या हातात येणारा पैसा थोडा, पोतं जसजसं सीमेकडे सरकतं तसतसा भाव वाढत जातो. कांदा असो की कंद, अडत्याचं गणित सगळीकडे सारखंच. 2005 साली कितुलो राष्ट्रीय उद्यान झालं, 400 चौरस किलोमीटरहून थोडं मोठं. उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेत प्राण्यांसाठी नव्हे तर मुख्यतः फुलांसाठी राखलेलं हे पहिलं उद्यान. बाग वाचली. मग पोती कुठून येऊ लागली? काँगो, अंगोला, मलावी, मोझांबिक. नकाशावर बोट ठेवत गेलं तर झांबियाभोवतीचं एकेक शेजार या यादीत येत गेलेलं दिसतं. पाणी उपसून खालची विहीर आटली की वरच्या विहिरीवर पंप नेतात, तसंच.

कायदा याला काही करू शकत नाही असं नाही. साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार 1975 पासून लागू झाला आणि ऑर्किडचं संपूर्ण कूळ त्याच्या यादीत आहे. यादीतल्या एकूण प्रजातींपैकी 70 टक्क्यांहून जास्त एकट्या ऑर्किडच्या, वाघ-हत्ती-गेंडे उरलेल्यात. निर्यात करायची तर या तोडीनं रानातल्या संख्येला धक्का लागत नाही असा निर्वाळा त्या देशाच्या शास्त्रज्ञांनी द्यायचा असतो. पण हा करार सीमेवर जागा होतो. इस्तंबूलच्या दुकानातला सालेपचा पेला त्याच्या कक्षेतच येत नाही. आणि सीमेवरच्या कस्टमच्या माणसासमोर येते ती पिवळसर पूड. तिच्यात कुठल्या प्रजाती आहेत हे नुसतं बघून मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञालाही सांगता येत नाही, डीएनए तपासावा लागतो. हस्तिदंत ओळखू येतो. पीठ म्हणजे पीठ.

हिमालयातही हाच खेळ आहे. साधारण 2,800 मीटरच्या वर, कुरणांमध्ये, सालमपंजा मिळतो. त्याचा कंद गोल नसतो, हाताच्या पंजासारखा बोटं फुटलेला असतो. नेपाळात याला पाँचऔंले म्हणतात आणि तिथे तो खणायला, विकायला, बाहेर न्यायला बंदी आहे. तरी तो निघतो.

पण इथे मला राहून राहून आठवतात ते सोळाव्या शतकातले भावमिश्र. च्यवनप्राशाच्या पाठात अष्टवर्ग नावाच्या आठ वनस्पती येतात: जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी, वृद्धी. यातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार हिमालयातल्या ऑर्किड मानल्या जातात. म्हणजे हिवाळ्यात ब्रेडला लावून खातो त्या काळ्या लेहाच्या पाठात निम्मा अष्टवर्ग ऑर्किडचा. भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त सरळ लिहून ठेवलं आहे की अष्टवर्ग राजांनासुद्धा मिळणं कठीण, तेव्हा वैद्यानं त्याच्या जागी दुसरं घ्यावं. मेदांच्या जागी शतावरी, काकोलींच्या जागी अश्वगंधा, जीवक-ऋषभकांच्या जागी विदारीकंद, ऋद्धी-वृद्धींच्या जागी वाराहीकंद. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी एक ग्रंथकार दुर्मीळ वनस्पतीला पर्याय सुचवतो आणि त्याला कुणी भेसळखोर म्हणत नाही. आज डब्यावर ‘अस्सल अष्टवर्गयुक्त’ छापलं की खप वाढतो.

अर्थात त्यांचे सगळे पर्याय सारखे उतरले नाहीत. अश्वगंधा आणि शतावरीची शेती होते, ती प्रश्न सोडवून गेली. विदारीकंद आणि वाराहीकंद अजूनही बरेचसे रानातूनच खणून येतात. तिथे ओझं एका कंदावरून दुसऱ्या कंदावर गेलं, इतकंच.

मग शेती हेच उत्तर का? व्हॅनिलाकडे बघितलं तर वाटतं, हो. व्हॅनिला हीसुद्धा ऑर्किड आहे, हे ऐकून बरेच जण चमच्याकडे नव्यानं बघतात. काहरामानमाराशच्या आइस्क्रीमला व्हॅनिला लावला तर एका वाटीत दोन ऑर्किड झाल्या. मेक्सिकोबाहेर तिला फळ धरत नव्हतं. 1841 साली रेयुनियॉं बेटावरच्या एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडी आणि अंगठा वापरून हातानं परागीकरण करण्याची सोपी युक्ती काढली आणि जगभरची व्हॅनिलाची शेती त्या काडीवर उभी राहिली. मात्र व्हॅनिला आणि सालेप यांत एक मोठा फरक आहे. व्हॅनिलात आपण शेंग घेतो, वेल राहतो, आणि त्याच वेलाचा तुकडा लावला की नवा वेल. सालेपमध्ये माल आणि बेणं एकच. तुर्की शेतकी संशोधकांनी सालेपच्या ऑर्किड वाफ्यात लावून पाहिल्या, काही शेतकरी आता त्या पिकवतातही. पण एका कंदाचे वर्षाला जेमतेम एक-दोन होतात. निम्मे ठेवून निम्मे विकले तरी पहिलं बेणं आणायचं कुठून? डोंगरातूनच.

आणि समजा शेती जमली, तरी ‘रानातलं’ या शब्दाचं काय करणार? चीनमध्ये डेंड्रोबियम नावाची औषधी ऑर्किड आता मोठ्या प्रमाणावर पिकवली जाते, हरितगृहांच्या रांगा आहेत. तरी रानातल्या कांड्यांना जास्त भाव मिळतो, कारण गिऱ्हाइकाला रानातल्यात ताकद जास्त वाटते. यावर आपण हसायला नको. जंगलातला मध, रानातली हळद म्हणून दुप्पट पैसे आपणही मोजतो. मला विचाराल तर सालेपच्या बाबतीत भेसळ हेच पुण्य आहे. गवारीच्या पिठावर चालणारा आइस्क्रीमवाला नकळत डोंगरातले दोन कंद वाचवतो. त्याला शुद्धतेचं प्रमाणपत्र मागणारा चोखंदळ गिऱ्हाईक वाचवत नाही.

हे सगळं लिहायचं ठरलं तेव्हा मी पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन 50 ग्रॅम सालममिश्री आणली. दुकानदारानं बरणीतून काढून कागदात पुडी बांधली. कुठून येते, विचारलं, तर म्हणाला, “मुंबईहून.” त्याच्यापुरतं ते खरंच होतं. घरी येऊन ताटात ओतली. शेंगदाण्याहून थोडे मोठे, मेणचट पिवळे खडे, एकमेकांवर आपटले की काचेसारखा आवाज. काहींना मधोमध भोक होतं, दोरा ओवल्याचं. मोजले, 83 भरले. त्यातले पाच-सहा वाटीत पाणी घालून रात्रभर ठेवले. सकाळी ते फुगून गुळगुळीत झाले होते, पाणी बोटाला तार धरत होतं, आणि खडा म्हणून जो होता त्याला पुन्हा आकार आला होता. खाली गोलसर, वर निमुळता, आणि टोकाला कोंबाची बारीकशी खूण. तो उकळताना मेलेला.

आईनं वाटीत डोकावून विचारलं, हे कशाला भिजवलंस. सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आता भिजवलेच आहेत तर वाया नको घालवूस.” दुधात कुटून, उकळून, साखर घालून तिनं दोन पेले केले. दाट झालं होतं छान. चव मात्र कशाचीच नव्हती, दालचिनी घालावी लागली.